मेथीपुरती जागा

वाडी सोडली त्या दिवशी आम्हाला पुढच्या वाटेनं उतरता आलं नाही. पुढच्या वाटेवर फाटक होतं आणि फाटकाला कुलूप. म्हणून सामान घेऊन मागच्या ओढ्यातून, घसरत सावरत, लोणावळ्याकडच्या औंढ्याच्या रस्त्याला लागलो. नवऱ्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी, माझ्या डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, धाकटी कडेवर, थोरली माझ्या आईच्या हाताला; माझं सासर-माहेर एकाच वाडीतलं. खाली टेम्पो उभा होता. आई टेम्पोपर्यंत आली. आबा आले नाहीत, ओट्यावरच बसून राहिले. निघताना पाया पडले तेव्हा एवढंच म्हणाले, "सुमन, कुनी फुकाट काय देऊ लागला तर आदी इचार, का देतो म्हनून. आन् त्यानं सांगितलं तरी लगेच खरं मानू नको."

लोक लेकीला निरोप देताना काय काय देतात. माझ्या बापानं मला संशय दिला.

फाटकाची गोष्ट वाडीवर राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्यासारखे जे खाली उतरले त्यांच्या मुलांना ती माहीत नसेल, म्हणून सांगते. वाडीच्या पायथ्याचा उतार एका साहेबांनी बंगल्यासाठी घेतला. माणूस बोलायला गोड. दिवाळीला घरोघर मिठाई, थंडीत म्हाताऱ्यांना घोंगड्या. आबांना म्हणायचे, "तुमची वाट तुमचीच. मला फक्त बंगल्यापुरती जागा." मग कुंपण आलं. मग गुरं शिरतात म्हणून फाटक आलं. मग चोरांच्या भीतीनं कुलूप आलं, आणि कुलपामागं बाहेरगावचा एक राखणदार आला, ज्यानं आबांना त्यांच्याच वाटेवर विचारलं, "कुठे जायचंय?" आमचं नाचणीचं वावर फाटकापलीकडं होतं. ओढ्यातून वळसा घालून खत-बियाणं न्यायचं, पीक आणायचं. एक पावसाळा केलं, मग हात टेकले. नवऱ्याला देहूरोडला डेपोत माल चढवण्या-उतरवण्याचं काम मिळालं होतं. आम्ही निघालो.

देहूरोडला स्टेशनामागच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या. खिडकी उघडली की शेजारच्यांची भिंत. त्याची सवय झाली. गर्दीची झाली, गाड्यांच्या आवाजाची झाली. भाजीची मात्र होईना. वाडीवर ताटातली भाजी कुठून आली असं कधी कुणी विचारलं नाही, कारण ती येताना दिसायचीच. टाकळा बांधावरचा, वाल परसातला. इथं गाडीवरचा पालक माझ्या तळहाताएवढ्या पानांचा, पाणी मारून चकचकीत केलेला. पुण्याला जाताना लोकलमधून रुळांच्या कडेला असले वाफे मी पाहिले होते, आणि शेजारून वाहणारं काळं पाणीही. मी भाजी मिठाच्या पाण्यात बुडवायची, धुवायची, पुन्हा धुवायची, आणि मुलींना वाढताना तरी मन खायचं.

आई पहिल्यांदा आली तेव्हा तिनं मेथीची जुडी उचलली, नाकाशी नेली.

"ही कुटल्या पान्याची?"

"म्हाईत न्हाई."

"मंग खातीस कशी?"

होती तेवढे दिवस ती भाकरी आणि लसणाची चटणी खाऊन राहिली. मला तिचा राग आला. तिला वाडीवर परत जायचं होतं, मला इथं रोज स्वयंपाक करायचा होता.

पुढं मला अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम लागलं. तिथंच एक दिवस ऋतुजा आली. पंचविशीची मुलगी, सुती कुर्ता, पायात बूट. आमच्या गल्लीच्या मागं भिंतीपलीकडं एका बिल्डरचा मोकळा प्लॉट होता. चारी बाजूंनी टॉवर उठत होते आणि मध्ये हा एक तुकडा राडारोडा, बाभळी आणि कुत्र्यांसकट पडून होता. ती त्या बिल्डरच्या ऑफिसातून आली होती. म्हणाली, "बांधकाम सुरू होईपर्यंत वस्तीतल्या ताईंनी इथं भाजी लावावी असं आम्हाला वाटतं. माती, खत, पाइप, रोपं सगळं आमचं. भाजी तुमची. आता मोठ्या शहरांत लोक असंच करतायत, घराजवळ पिकवायचं आणि ताजं खायचं."

बायका खूश झाल्या. मी विचारलं, "का देताय?"

ती हसली. "पडूनच आहे ना ताई."

"किती दिवसांसाठी?"

"ते अजून काही ठरलेलं नाही."

तिच्या सगळ्या बोलण्यातलं हे एकच वाक्य मला खरं वाटलं.

अंगणवाडीतून बाहेर पडताना जुलेखाभाबीनं मला कोपरानं ढोसलं. ती आमच्याच गल्लीत राहायची. माहेर कुसगावचं, तिच्या वडिलांची नाक्यावर फळांची गाडी होती. नवरा लष्कराचे गणवेश शिवायचा. बोलणं अगदी आपल्याकडचं. म्हणाली, "अगं, देतीय तर घे. का देतीय ते तिच्यापाशी ऱ्हाऊ दे."

मला जुलेखाभाबीचाही संशय आला होता, हे आता सांगायला हरकत नाही, तिला तेव्हाच सांगितलं होतं. वाफे वाटले तेव्हा नळाशेजारचा वाफा तिला मिळाला. मी म्हटलं, हिचं ऑफिसात कुणीतरी असणार. तिला तोंडावरच विचारलं. ती म्हणाली, "मी मागितला. तू मागितलास का?" कुणीच मागितला नव्हता. आम्ही सगळ्या, काय देतात ते बघत उभ्या होतो.

प्लॉटवर नुसते विटांचे तुकडे आणि सिमेंटची ढेकळं. त्यावर टाकायला ट्रकनं लाल माती आली. ट्रकचा ड्रायव्हर अंगणवाडीच्या पायरीवर चहा पीत बसला होता. मी सहज विचारलं, "माती कुटली, भाऊ?"

"लोनावळ्याकडची. कुसगावच्या पुढं डोंगर कापायचं काम चाललंय. बंगले व्हायचेत."

"कुटला डोंगर?"

"ते काय म्हाईत न्हाई, ताई. तितं भरायची, हितं वतायची."

मी ढिगाजवळ जाऊन एक मूठ उचलली. मातीत गवताची मुळं होती, अजून ओली. गवताची मुळं सगळ्या माळावर सारखीच असतात. मावळातली लाल माती कुठून कुठंवर एकच दिसते. तरी माझा हात खाली होईना. ही आपल्या उताराची तर नसेल? असेलही, नसेलही. हे कळायला मार्ग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

जुलेखाभाबीला सांगितलं. तीही ढिगापाशी वाकली. मग म्हणाली, "मंग तर आपलीच हाय की."

मला त्यात काही समाधान वाटलं नाही.

बाकीच्या बायकांनी वांगी लावली, टोमॅटो लावले, काठ्या रोवून दोडक्याचा मांडव केला. जुलेखाभाबीनं कोपऱ्यात शेवग्याची फांदी खोचली, ती बघता बघता जगली. मी मेथी पेरली, कोथिंबीर, मुळा. महिन्याभरात हाती येईल तेवढंच. उपटलं, खाल्लं, वाफा मोकळा. उद्या कुणी या जागेवर उभं राहून "कुठे जायचंय?" असं विचारलं तर माझं मागं काही राहायला नको. ऋतुजा म्हणायची, "सुमनताई, तुमचा वाफा इतका छान आहे, एखादं वांगं तरी लावा." मी म्हणायची, "मेथी बरी." ती फोटो काढायला लागली की मी पाठ करायची. ऑफिसनं नंतर प्लॉटच्या बोर्डावर मोठा फोटो लावला. त्यात बायका हसतायत आणि कडेला एक पाठ आहे. ती मी.

टॉवरमधली माणसं मुलांना घेऊन सुट्टीला बघायला येत. मुलं टोमॅटोला हात लावत, आया त्यांना सांगत, "बघ, झाडाला असा येतो." चांगली होती माणसं. एकीनं मला विचारलं, "तुमच्याकडे केमिकल वापरत नाहीत ना?" मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण मेथीची काडी हातात घेऊन वास घेतला. अगदी माझ्या आईसारखा. तेव्हा कळलं, संशय काही आमच्या वाडीचाच नाही. शहरात तर तो सगळ्यांच्या ताटात आहे, फक्त विचारायची सोय कुणाला नाही.

प्लॉटच्या भिंतीला लागून एक कुटुंब प्लॅस्टिकचं पाल टाकून राहायचं. भंगार गोळा करणारी माणसं. आमची भाजी उगवली त्या सुमारास बिल्डरनं प्लॉटवर ठेवलेल्या राखणदारानं त्यांना हलवलं. म्हणाला, "इथं ताईंची शेती आहे, घाण करू नका." ती गेली, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. प्लॉट मोकळा राहिला असता तर पालं वाढली असती. पालं उठवायला त्रास. बायका वाफे करतायत, तिथं कुणी पाल टाकत नाही. आणि बायकांना काय, एका शब्दावर उठवता येतं. त्यांनी आम्हाला शेत दिलं नव्हतं, आमचं कुंपण केलं होतं.

मी बायकांना हे सांगितलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. एक म्हणाली, "भाजी मिळतीय ना?" जुलेखाभाबी म्हणाली, "सुमन, तुला जिकडंतिकडं फाटकंच दिसत्यात." तरी मी पाहिलं, त्या दिवशी तिनं खुडलेल्या भाजीतली एक मोठी जुडी बाजूला काढली आणि रस्त्यापलीकडं, पुलाखाली गेलेल्या त्या पालवाल्यांना नेऊन दिली.

आई पुन्हा आली तेव्हा तिला वाफ्यावर नेलं. ती वाकली, माती बोटांत चुरली.

"माती चांगलीय. पानी कुटलं?"

"नळाचं."

"नळाला कुटनं येतं?"

"पवनेच्या धरनातनं."

मातीचंही मग मी सांगून टाकलं, ड्रायव्हर बोलला होता ते. आई वाफ्याच्या कडेला बसली. समोर टॉवरच्या खिडक्यांवर ऊन चमकत होतं. म्हणाली, "मंजी मातीबी आपल्याकडची, पानीबी आपल्याकडचं. आन् आपुन हितं." थोड्या वेळानं म्हणाली, "आबाला सांगू नको."

त्या दिवशी तिनं मेथीची भाजी दोनदा मागून घेतली.

मग एका दुपारी ऋतुजा अंगणवाडीत एकटीच आली. मुलं झोपली होती. ती दारातच उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "ताई, हे मी खरं तर सांगायला नको. या आठवड्यात जेवढं काढता येईल तेवढं काढून घ्या. काम सुरू होणार आहे."

"मलाच का सांगताय?"

"तुम्हीच विचारलं होतं, किती दिवस."

तिचे डोळे भरल्यासारखे वाटले. पण डोळ्यांचं काय, आमच्या साहेबांचेही घोंगड्या वाटताना भरायचे. मला वाटलं, हाही डाव असेल. आम्ही आपणहून निघालो की यांनी उठवलं असं कुणी म्हणायला नको. संध्याकाळी सगळ्या बायकांना गोळा केलं, ती जे म्हणाली ते सांगितलं आणि मला जे वाटलं तेही सांगितलं. खूप वादावादी झाली. दोडका फुलावर होता, टोमॅटो हिरवे होते. ज्यांनी जास्त लावलं होतं त्यांना जास्त लागलं. शेवटी जुलेखाभाबी म्हणाली, "खोटं निघालं तर परत पेरू. खरं निघालं तर हातात तरी ऱ्हाईल. काढा."

दोन दिवसांत सगळं काढलं, कोपऱ्यातला शेवगा तेवढा राहिला. बोटाएवढी वांगी, हिरवे टोमॅटो, कोवळे मुळे. घराघरांत वाटलं. गल्लीत सगळीकडं मेथी निवडायला बसलेल्या बायका.

आणि खोदायचं मशीन आलंच नाही. आठवडा गेला, आणखी एक गेला. वाफे उघडे पडले होते. बायका माझ्याकडं बघून बोलणं थांबवायच्या. एकीनं तोंडावर सांगितलं, "तुज्या संशयापायी माजा दोडका गेला." मी ऋतुजाला फोन लावला, बंद. राखणदाराला विचारलं, तर म्हणाला, "त्या मॅडम आता नाहीत ऑफिसला." तिनं काम सोडलं की तिला काढलं, आमच्यासाठी काढलं की आणखी कशासाठी, मला अजून माहीत नाही. तिचा संशय घेतला त्यात काही चुकलं असं मी म्हणणार नाही. पण कधी भेटली तर तिला जेवायला बसवीन.

त्या मोकळ्या दिवसांत जुलेखाभाबीनं काय केलं, तर मेथीचं बी आणलं आणि सगळ्या वाफ्यांत फेकलं. तिच्या, माझ्या, जी रागावून यायची बंद झाली होती तिच्यासुद्धा.

"येडी का काय तू, भाबी? मशीन येनार हाय."

"आलं तर मशीन. न्हाई आलं तर मेथी."

मेथी आली. आम्ही ती खुडून खाल्ली. तिनं पुन्हा पेरली. दुसऱ्या खेपेची दोन-दोन पानं वर आली होती तेव्हा एका सकाळी जेसीबी आला.

आधी माणसांनी बोर्ड उतरवला. जपून, दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून, गोणपाटात गुंडाळून ट्रकमध्ये ठेवला. आमच्या हसण्याचं आणि माझ्या पाठीचं पुढं कुठंतरी काम असणार. मग मशीन कोपऱ्याकडं वळलं. शेवगा शेंगांनी लगडलेला होता. जुलेखाभाबी पुढं झाली, हात वर करून चालकाला म्हणाली, "भाऊ, थोडं थांबता का? शेंगा काढून घेतो." चालकानं मशीन बंद केलं, खाली उतरून तोंड धुतलं, आम्हाला फांद्या वाकवायला लागला. शेंगा काढून झाल्यावर त्यानं विचारलं, "झालं का, मावशी?" ती म्हणाली, "झालं." मग त्यानं झाड पाडलं. भाबी रडली नाही. ओटीतल्या शेंगा सारख्या करत उभी राहिली.

मला वाटलं होतं, माझं काहीच जाणार नाही. माझ्या वाफ्यात होतं काय, दोन पानांची मेथी. पण मशीननं सगळी लाल माती खरवडून एका बाजूला ढीग केला तेव्हा मी राखणदाराला विचारलं, "ही कुठं जाणार?"

"दुसऱ्या साइटला. गार्डनसाठी."

ते मला सोसलं नाही. घरी गेले, घमेलं आणलं आणि ढिगातली माती भरायला लागले.

राखणदार धावत आला. "अहो बाई, माती कंपनीची आहे."

"कुठल्या डोंगराची आहे ते सांगा. मग ठेवते."

चांगला माणूस होता, त्यानं थोड्या वेळानं पाठ फिरवली. मी घमेलं उचलून गल्लीत आले तर समोरून जुलेखाभाबी दोन बादल्या घेऊन येत होती, तिच्यामागं जिचा दोडका गेला ती गोणी घेऊन. दुपारपर्यंत आम्ही माती वाहिली. मशीनवाला दुसऱ्या टोकाला काम करत राहिला.

ती माती आता जुलेखाभाबीच्या इमारतीच्या गच्चीवर आहे. रंगाच्या बादल्यांत, फुटक्या टाकीत, तेलाच्या पत्र्याच्या डब्यांत. घरमालक खालीच राहतो. त्यानं परवानगी का दिली हे मी त्याला विचारलं. म्हणाला, वरच्या मजल्याला उन्हाळ्यात थंडावा राहतो. असेल. आणखीही काही असेल. गच्चीवर पाणी झिरपतंय का, टाकीजवळ कुणी मोजमाप करतंय का, यावर माझं लक्ष असतं. पण गच्चीची एक किल्ली माझ्याकडं आहे, ती मी मागून घेतली.

तुम्ही विचारता, घरची आठवण येत नाही का. येते. पण वाडीवर येताना मी ओढ्यातून, मागच्या बाजूनं, पाहुण्यासारखी येते. संध्याकाळी किल्ली घेऊन गच्चीचे जिने चढते, तेव्हा मला कुणी विचारत नाही कुठं जायचंय म्हणून. घर या शब्दात आता एवढंच उरलंय, आणि ते थोडं नाही.

गेल्या थंडीत आबा डोळ्याच्या ऑपरेशनला खाली आले. वाडी सोडून कधी न राहिलेला माणूस. पट्टी सुटल्यावर म्हणाले, "वर काय लावलंयस ते दाव." धरून धरून वर नेलं. मेथी पाहिली, मिरच्या पाहिल्या. मग भिंतीकडच्या मोठ्या डब्यापाशी थांबले.

"हे काय?"

"लिंबू."

"जागा कुनाची?"

"मालकाची."

"त्याचा भरवसा काय?"

"काय न्हाई, आबा."

"लिंबाला फळ धरायला वर्सं लागत्यात. मंग कशापायी लावलंस?"

मी म्हटलं, "मेथी लय झाली."

ते डब्याशेजारी उकिडवे बसले. माती हातात घेतली, नव्या डोळ्यांनी जवळून पाहिली, बोटांत चुरली. मी जिन्याच्या दाराकडं बघत राहिले. आईनं सांगू नको म्हटलं होतं.

"ही डोंगरावरची हाय," आबा म्हणाले.

"व्हय."

सगळं विचारणाऱ्या माझ्या बापानं, कुठल्या डोंगरावरची, हे विचारलं नाही. हात धोतराला पुसले, उठले, आणि लिंबाचा डबा भिंतीच्या सावलीतून उन्हाकडं ओढायला लागले. डबा जड होता. मी दुसऱ्या बाजूनं धरला.